लहान बोटीवरील नौकानयन उपकरणांची जोडणी

लहान बोटीवरील नौकानयन उपकरणांची जोडणी : जीपीएस चार्टप्लॉटर (नकाशावर बोटीचे ठिकाण दाखवणारा पडदा), खोली मोजणारा इको साउंडर, व्हीएचएफ रेडिओ (बोटींमधले बोलणे चालते तो), एआयएस (आसपासच्या बोटींची ओळख व ठिकाण कळवणारी यंत्रणा), ऑटोपायलट (सुकाणू आपोआप धरणारा) ही उपकरणे बॅटरीला, अँटेनाला आणि एकमेकांना जोडण्याचे काम. साधारण ६ ते १५ मीटर लांबीच्या बोटींवर हे काम बहुधा नाखवा स्वतः किंवा बंदरावरचा इलेक्ट्रिशियन करतो. ‘मशीन बिघडले’ म्हणून दुकानात आलेले उपकरण टेबलावर व्यवस्थित चालते, कारण दोष बहुतेक वेळा वायर, लग (तारेच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा) किंवा फ्यूजच्या खाचेत असतो आणि तो बोटीवरच राहिलेला असतो.

वीजपुरवठा : पहिला प्रश्न वायरच्या जाडीचा. २५ वॉटचा व्हीएचएफ रेडिओ ऐकताना एक अँपिअरहून कमी प्रवाह घेतो. बोलण्याचे बटण दाबले की तोच ५ ते ६ अँपिअर ओढतो. बॅटरीपासून रेडिओ ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन तार १० मीटर होते. घरगुती १ चौ. मिमी. तारेत ६ अँपिअरला सुमारे १ व्होल्ट गळतो, २.५ चौ. मिमी. मध्ये ०.४१ आणि ४ चौ. मिमी. मध्ये ०.२६ व्होल्ट. नौकानयनाच्या उपकरणांसाठी घट ३ टक्क्यांच्या आत, म्हणजे १२ व्होल्टवर ०.३६ व्होल्टपर्यंत असावी, असा अमेरिकी नौका मानकाचा दंडक आहे. म्हणजे इथे ४ चौ. मिमी. हवी. ऐकू उत्तम येते पण बटण दाबताच रेडिओ बंद पडतो, हे बारीक वायरीचे किंवा गंजलेल्या जोडाचे ठरलेले लक्षण. ते पकडायचे तर व्होल्टेज बटण दाबलेले असतानाच रेडिओच्या टोकाला मोजावे लागते. रेडिओ शांत असताना मोजलेले १२.६ व्होल्ट काहीच सांगत नाहीत.

तार तांब्याच्या अनेक बारीक तंतूंची आणि कथिलाचा मुलामा दिलेली असावी. साध्या तांब्यात खारे पाणी तंतूंमधून आवरणाखाली चढत जाते. वरून धडधाकट दिसणारी वायर सोलली की आत काळी भुकटी निघते. नुसता झाळलेला जोड इंजिनाच्या थरथरीने तुटतो, कारण कथिल जिथे संपते तिथे तार कडक होऊन तिथेच वाकत राहते. रॅचेटच्या पकडीने दाबलेला लग आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, हा टिकणारा जोड. दोन तारा पिळून त्यावर काळी टेप गुंडाळणे बोटीवर चालत नाही. वायर दर ४५ सेंमी.ला पकडून ठेवावी आणि उपकरणात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता झोळातून गळते.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून सुमारे १८ सेंमी.च्या आत बसतो. तो वायर वाचवण्यासाठी असतो, म्हणून त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो. उपकरणाचा फ्यूज वेगळा आणि त्याच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याचाच. ऋण तारा एका सामाईक बसबारवर (धातूच्या जोडपट्टीवर) आणाव्यात. जवळ पडते म्हणून त्या इंजिनाच्या ठोकळ्याला बांधू नयेत. लोखंडी किंवा ॲल्युमिनिअमच्या बोटीत सांगाड्यालाच परतीची तार करणे तर सांगाडा कुरतडून घेण्यासारखे आहे.

इंजिन सुरू होताना बॅटरीचे व्होल्टेज क्षणभर १० च्याही खाली जाऊ शकते आणि चार्टप्लॉटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. उपाय म्हणजे उपकरणांना स्वतंत्र बॅटरी. दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेल्या बोटीत मधूनच १२ व्होल्टची तार काढणे ही फार पसरलेली खोड आहे. खालची बॅटरी सतत उपाशी राहते, वरची जादा चार्ज होऊन पाणी उडवते, आणि वर्षाच्या आत जोडी बाद होते. २४ वरून १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर त्यापेक्षा स्वस्त पडतो.

उपकरणांमधील संवाद : उपकरणे एकमेकांशी दोन पद्धतींनी बोलतात. एनएमईए ०१८३ ही जुनी, १९८३ पासूनची पद्धत. तिच्यात एक बोलणारा आणि अनेक ऐकणारे असतात. माहिती साध्या अक्षरांच्या ओळींत, सेकंदाला ४८०० बिट्सच्या वेगाने जाते आणि एआयएससाठी ३८,४०० ने. बोलणाऱ्याची ‘ए’ तार ऐकणाऱ्याच्या ‘ए’ला, ‘बी’ तार ‘बी’ला. रंगांवर भिस्त ठेवू नये, कारण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. पुस्तिकेतला तक्ता पाहूनच जोडावे. दोन बोलणारे एकाच जोडीवर बांधले तर दोघांच्या ओळी एकमेकींवर आदळतात. त्यासाठी मल्टिप्लेक्सर, म्हणजे अनेकांच्या ओळी रांगेने एकाच तारेवर सोडणारा डबा, लागतो. पडद्यावर काहीच येत नसेल तर आधी दोन्हीकडचा वेग सारखा आहे का पाहावे, मग ‘ए’-‘बी’ उलट झाले आहेत का ते.

एनएमईए २००० मध्ये एक मुख्य केबल बोटभर जाते आणि टी-जोडांवरून प्रत्येक उपकरणाला फांदी निघते. फांदी ६ मीटरहून लांब नको. मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर (टोकाचा रोधक) हवा. तपासणी सोपी आहे : वीज बंद करून पांढऱ्या व निळ्या तारेमध्ये मीटर लावावा. ६० ओहम आले तर ठीक. १२० आले तर एक टर्मिनेटर नाही, ४० आले तर कोणीतरी तिसरा बसवला आहे. लाल-काळ्या तारांतून केबलला १२ व्होल्ट एकाच ठिकाणाहून, स्वतंत्र फ्यूजमधून द्यावेत, आणि केबलचे जाळीदार आवरणही एकाच ठिकाणी ऋणाला जोडावे.

अँटेना : व्हीएचएफसाठी ५० ओहमची कोअक्स केबल (मधली तार आणि भोवती जाळी असलेली) लागते, टीव्हीची ७५ ओहमची चालत नाही. बारीक आरजी-५८ च्या १५ मीटरमध्ये जवळजवळ ३ डेसिबल, म्हणजे अर्धी शक्ती उष्णतेत जाते आणि अँटेनाला २५ ऐवजी १२-१३ वॉट पोहोचतात. जाड आरजी-२१३ मध्ये याच लांबीत नुकसान दीड डेसिबलच्या आत राहते. केबलच्या टोकाला पीएल-२५९ प्लग बसवताना बाहेरच्या जाळीचा एखादा तंतू मधल्या तारेला टेकला की शॉर्ट होतो. हे अँटेना जोडण्याआधी मीटरने पाहावे. नंतर पाहून उपयोग नाही, कारण अनेक सागरी अँटेना निर्दोष असतानाही मीटरवर शॉर्टच दाखवतात. अँटेना न जोडता रेडिओचे बटण दाबू नये. अँटेनाची उंची वॉटपेक्षा जास्त कामाची : पाण्यापासून ४-४ मीटर उंच अँटेना असलेल्या दोन बोटी एकमेकींना साधारण ९ सागरी मैलांपर्यंत ऐकू शकतात.

लाल बटणाने मदत मागण्याची डीएससी सोय चॅनेल ७० वर चालते. रेडिओत नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक, म्हणजे बोटीची रेडिओवरची ओळख, भरलेला असावा (भारतीय बोटींचा ४१९ ने सुरू होतो) आणि रेडिओला जीपीएसची माहिती मिळत असावी. ही एक जोडी तार राहिली की हाक जाते, पण ठिकाण जात नाही.

भारतात यांत्रिक मच्छीमार बोटींवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर (उपग्रहामार्फत ठिकाण व संदेश पाठवणारे संच) बसवण्याची योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथून सुरू झाली. १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मिळून १ लाख संच टप्प्याटप्प्याने बसवायचे आहेत. ट्रान्सपाँडर आणि जीपीएस, दोहोंच्याही अँटेनाला वर मोकळे आकाश लागते. केबिनच्या छपराखाली, जाळ्यांच्या ढिगाआड किंवा रडारच्या झोतात त्या लावू नयेत.

हस्तक्षेप (एका उपकरणाचा दुसऱ्याला होणारा विद्युत अडथळा) व चाचणी : इको साउंडरच्या ट्रान्सड्यूसरची (पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनी ऐकणाऱ्या भागाची) केबल कापून जोडू नये, उरलेली लांबी तशीच वळवून ठेवावी आणि वीजतारांपासून दूर न्यावी, नाहीतर पडद्यावर इंजिनाच्या गतीबरोबर बदलणाऱ्या रेघा दिसतात. होकायंत्राजवळून जाणाऱ्या धन-ऋण तारा एकमेकींत पिळाव्यात, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना मारतात. स्वस्त एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ व एआयएसची श्रवणक्षमता घटते, असा इशारा अमेरिकी तटरक्षक दलाने २०१८ मध्ये दिला होता. तपासायचे असे : सगळे दिवे बंद करून रेडिओ शांत चॅनेलवर ठेवावा, स्क्वेल्च (खरखर दाबणारी कळ) खरखर जेमतेम थांबेल इथपर्यंत आणावा, मग एकेक दिवा लावत जावे. ज्या दिव्याबरोबर खरखर परत सुरू होते, तो बदलावा किंवा अँटेनापासून लांब न्यावा. हीच चाचणी कन्व्हर्टर आणि मोबाइल चार्जरसाठीही करावी.