परस्पर संमतीने घटस्फोट : अर्ज, कागदपत्रे आणि मुलांविषयीच्या अटी

विवाह पुढे टिकणार नाही यावर पती-पत्नीचे एकमत असेल, तर हिंदू विवाह कायदा, 1955 मधील कलम 13-ब नुसार दोघांना मिळून घटस्फोटाचा अर्ज करता येतो. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख दांपत्यांनाही लागू आहे. अर्जापूर्वी दोघे किमान एक वर्ष विभक्त राहत असले पाहिजेत. मात्र त्यासाठी घरे वेगळी असलीच पाहिजेत असे नाही. एकाच छताखाली राहूनही पती-पत्नी म्हणून नांदणे थांबले असेल, तर ही अट पूर्ण होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये स्पष्ट केले आहे. दुसरे घर भाड्याने घेणे ज्यांना परवडत नाही, त्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे.

विवाह जिथे झाला किंवा दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले, तेथील कौटुंबिक न्यायालयात अर्ज दाखल होतो. सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र, दोघांच्या ओळखीचे व पत्त्याचे पुरावे, छायाचित्रे आणि मुलांचे जन्मदाखले जोडावेत. विवाहाची नोंदणी झालेली नसल्यास लग्नपत्रिका, लग्नातील छायाचित्रे आणि प्रतिज्ञापत्र यांचा आधार घेतला जातो. पोटगीचा प्रश्न वादाचा असेल, तर उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे तपशीलवार प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावे लागते. महिलांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तरीही अनेकजणी केवळ माहितीअभावी कर्ज काढून वकिलाची फी भरतात.

अर्ज दाखल झाल्यापासून सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा संमती द्यायची असते. समेटाची शक्यता उरलेली नसेल आणि पोटगी व मुलांचा ताबा यांवर खरोखर तडजोड झालेली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानुसार न्यायालय सहा महिन्यांची मुदत माफ करू शकते. हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते.

सर्वाधिक काळजी घ्यावी ती संमतीच्या अटी लिहिताना. ‘वडिलांना मुलाला भेटता येईल’ एवढेच लिहिले, तर पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत वाद उभा राहतो. त्याऐवजी कोणते वार, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, मुलाला कोठून घ्यायचे व कोठे सोडायचे, गणपती, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीची वाटणी कशी, शाळेची फी व आजारपणाचा खर्च कोणी करायचा आणि रक्कम दरमहा कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या खात्यात जमा करायची, हे स्पष्ट लिहावे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहते. तरीही निर्णायक ठरते ते मुलाचे हितच. घटस्फोट लवकर मिळावा म्हणून काही माता मुलाच्या पोटगीवरही पाणी सोडतात, परंतु तो हक्क मुलाचा असल्याने आईच्या सहीने संपत नाही. परिस्थिती बदलल्यास ताबा, भेट आणि मुलांच्या खर्चाविषयीचे आदेश बदलून मिळावेत म्हणून हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली त्याच न्यायालयात पुन्हा अर्ज करता येतो.