जपानने अणुऊर्जा कायमची सोडली?

कोकणातल्या जैतापूरच्या प्रस्तावित अणुऊर्जा प्रकल्पाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: ‘फुकुशिमानंतर जपानने अणुभट्ट्या कायमच्या बंद केल्या.’ हे खरं नाही.

मार्च 2011 मध्ये फुकुशिमाच्या अणुप्रकल्पात झालेल्या अपघाताआधी जपानकडे 54 अणुभट्ट्या होत्या. त्या एका हुकमाने बंद पडल्या नाहीत. तिथे साधारण दर 13 महिन्यांनी भट्टी थांबवून तपासणी करावी लागते. अपघातानंतर तपासणीला थांबलेली भट्टी पुन्हा सुरू करायला परवानगीच मिळेना. त्यामुळे एकेक करत सगळ्या थंडावल्या. 5 मे 2012 ला होक्काइदोतली तोमारीची शेवटची भट्टीही थांबली. मधल्या काळात ओई प्रकल्पातल्या दोन भट्ट्या चालल्या, पण सप्टेंबर 2013 ते ऑगस्ट 2015 जपानची अणुवीज शून्य होती. ही तूट मुख्यतः आयात गॅस, कोळसा आणि तेलाने भरली, आणि 2013 मध्ये कार्बन उत्सर्जन शिगेला पोचलं. सौरऊर्जा पुढे झपाट्याने वाढली, पण तिला वेळ लागला.

ऑगस्ट 2015 मध्ये नव्या, कडक नियमांखाली सेंदाईची भट्टी सुरू झाली. 2024 अखेर अशा 14 झाल्या होत्या. फेब्रुवारी 2025 च्या ऊर्जा आराखड्यात 2040 साठी वीजनिर्मितीत अणुऊर्जेचा वाटा सुमारे 20 टक्के आणि अक्षय ऊर्जेचा 40 ते 50 टक्के धरला आहे.

जैतापूरला विरोध करायला मासेमारी, जमीन, भूकंप अशी भक्कम कारणं आहेत. त्यासाठी जपानचा चुकीचा दाखला कशाला हवा?