‘व्हेग्रंट’ : भटकणे गुन्हा कसे ठरले, याची पार्श्वभूमी

ठाण्याच्या तीन हात नाक्यावरील उड्डाणपुलाखाली २०१६ साली महानगरपालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी ‘सिग्नल शाळा’ सुरू केली, ती सिग्नलवर फुले-गजरे विकणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी. अशा कुटुंबांसाठी इंग्रजी कायद्याने फार पूर्वीच एक शब्द मुक्रर करून ठेवला आहे : ‘व्हेग्रंट’. साध्या बोलण्यात त्याचा अर्थ भटक्या एवढाच. कायद्यात मात्र तो संशयित म्हणूनच शिरला.

त्याचे मूळ मजुरांच्या टंचाईत आहे. प्लेगच्या महासाथीने इंग्लंडमध्ये मजूर कमी पडू लागले, तेव्हा १३४९ च्या फर्मानाने धडधाकट माणसाला भीक घालण्यास बंदी केली, कारण गाव सोडून हिंडणारा माणूस म्हणजे जमीनदाराच्या हातून निसटलेला मजूर. १५४७ च्या कायद्याने तर अशा माणसाच्या छातीवर ‘व्ही’ अक्षराचा डाग देऊन त्याला दोन वर्षे गुलाम करण्याची तरतूद केली; ती मात्र लवकरच मागे घ्यावी लागली. नेपोलियनशी झालेल्या युद्धांनंतर बेकार सैनिक रस्त्यांवर आले आणि १८२४ चा व्हेग्रन्सी ॲक्ट झाला. ‘उपजीविकेचे दिसेल असे साधन नसताना’ उघड्यावर किंवा गोठ्यात मुक्काम करणे त्याने गुन्हा ठरवले. पुढच्या इतिहासासाठी ही शब्दरचना लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हिंदुस्थानात हा शब्द कायद्याच्या शीर्षकात आला तो, गंमत म्हणजे, गोऱ्यांसाठी. रोजगार सुटलेले युरोपीय खलाशी आणि रेल्वे कामगार गावोगाव हिंडू लागल्याने राज्यकर्त्या जातीची शोभा होते, या चिंतेतून १८६९ चा युरोपियन व्हेग्रन्सी ॲक्ट झाला. एतद्देशीय भटक्यांच्या वाट्याला दोनच वर्षांनी त्याहून कितीतरी कठोर असा गुन्हेगार जमाती कायदा आला. त्याने माणसाच्या कृत्याऐवजी जन्मच गुन्ह्याचा पुरावा मानला, आणि पोलिसांकडे हजेरी लावल्याशिवाय फिरण्याची सोय उरली नाही. सोलापुरात या जमातींना ज्या वसाहतीत डांबले जाई, त्या भागाला ‘सेटलमेंट’ हे नाव आजही आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. विमुक्त दिन पाळला जातो तो त्यासाठीच.

कायदा गेला, तरी नजर गेली नाही. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यातील भीक मागण्याच्या व्याख्येत ‘उपजीविकेचे दिसेल असे साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी भटकणे’ हेही बसवलेले आहे, म्हणजे १८२४ चीच शब्दरचना. त्याच व्याख्येत रस्त्यावर गाणे, नाचणे, भविष्य सांगणे आणि कसरती करून पैसे मागणेही येते. पहाटे चिपळ्या वाजवत दारी येणारा वासुदेव, दोरीवरून चालणारी डोंबाऱ्याची पोर, गुबूगुबू वाजवणारा नंदीबैलवाला, हे सगळे त्यात सहज सापडतात. पहिल्या दोषसिद्धीला एक ते तीन वर्षे स्थानबद्धतेची तरतूद होती. दिल्लीला लागू केलेल्या याच कायद्यातील मुख्य कलमे तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली, पण तो निकाल दिल्लीपुरता होता.

याच महाराष्ट्रात भटक्या जमाती हा सवलतींचा प्रवर्गही आहे. जातीच्या दाखल्यासाठी ठाण्यात अर्ज करणाऱ्या नंदीबैलवाल्याच्या मुलाला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून आपले घराणे राज्यात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्या आजोबांनी पाल टाकून गावे पालटण्यातच जन्म घालवला, त्यांच्या वास्तव्याचा कागद त्याने आणायचा असतो.