दोन गळ्यांचं गाणं : छियांग लोकांच्या बहुस्वरी गायनाची पार्श्वभूमी

चीनच्या सिचुआन प्रांतात, चेंगदूच्या वायव्येला, मिन नदीच्या वरच्या खोऱ्यात छियांग लोकांची वस्ती आहे. 2010 च्या जनगणनेत त्यांची संख्या साधारण 3 लाख 10 हजार होती. डोंगरउतारावर दगडी घरं, मधूनच उंच दगडी बुरूज, शेतात मका आणि आपल्या तिरफळाच्याच कुळातली सिचुआन मिरी. या समाजाच्या एका भागात लोक एकाच वेळी दोन वेगळे सूर लावून गातात. सगळे छियांग असं गात नाहीत. ही परंपरा मुख्यतः उत्तरेकडे, सोंगपान तालुक्यातल्या श्याओशिंग भागात आणि आसपासच्या काही खोऱ्यांत टिकून आहे.

गातात बहुधा दोघं पुरुष किंवा दोघी बायका. सोबत वाद्य नसतं. एक जण सुरुवात करतो, थोड्या वेळाने दुसरा त्यात मिसळतो. कधी एक आवाज एकाच सुरावर थांबून राहतो आणि दुसरा त्याच्याभोवती फिरतो, तर कधी दोन्ही बरोबरीने चालतात. दोन आवाजांत पुष्कळदा एकाच स्वराचं अंतर राहतं, म्हणजे सा आणि रे एकदम लागावेत तसं. आपल्या कानाला ते खटकतं. तिथे मात्र तीच घासाघीस गाण्याचा जीव असते, ती टाळायची कुणाला गरज वाटत नाही. त्यावर संथ, जड आंदोलन असतं. लांबवलेला सूर थरथरत राहतो आणि दोघांची थरथर जुळली तरच गाणं जमतं. म्हणून जोडीदार महत्त्वाचा, एकट्याने हे गाणं होतच नाही. शेतातल्या कामात, लग्नात, सणाला, जवाची दारू भरलेल्या घड्याभोवती बसून लांब नळ्यांनी ती पिताना, अशा प्रसंगी ही गाणी होतात.

हे गायन किती जुनं? ‘छियांग’ हे नाव चीनच्या प्राचीन शांग राजवटीत हाडांवर कोरलेल्या लेखांत आहे, म्हणजे तीन हजार वर्षांमागे. त्यावरून गाणंही तितकंच जुनं ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो हिशेब पटत नाही. त्या काळी पश्चिमेकडच्या कितीतरी टोळ्यांना हे एकच नाव लावलं जाई. शिवाय छियांग भाषेला स्वतःची जुनी लिपी नाही, त्यामुळे गाण्यांची जुनी नोंद कुठून मिळणार?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटिश मिशनरी थॉमस टॉरन्स या खोऱ्यांत वावरले. छियांग हे प्राचीन इस्रायली लोकांचे वंशज आहेत, अशी त्यांची ठाम समजूत होती आणि त्यांनी बळीच्या विधींत, देवळांत तिचेच पुरावे शोधले. संगीताच्या अभ्यासकांचाही एक पक्का समज होता, की चीनच्या लोकसंगीतात एका वेळी एकच सूर असतो आणि अनेक आवाजांचं गायन युरोपातून आलेलं. क्वेइचौ प्रांतातल्या तोंग लोकांच्या समूहगायनाकडे 1950 च्या दशकात लक्ष गेलं, तेव्हा या समजाला पहिला मोठा तडा गेला. 1979 पासून देशभरातली लोकगीतं गोळा करण्याचं काम सरकारी पातळीवर सुरू झालं आणि त्या काळात छियांग गाणीही अभ्यासकांच्या कानांवर पडू लागली. फान त्सूयिन या संगीततज्ज्ञाने चीनमधल्या बहुस्वरी लोकगीतांवर 1994 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला.

एक गुंता इथे सांगायला हवा. शेजारच्या हेइश्वेइ तालुक्यातले पुष्कळ लोक छियांग भाषेचीच उत्तरेकडची बोली बोलतात, पण 1950 च्या दशकात सरकारने केलेल्या जमातींच्या वर्गवारीत ते ‘तिबेटी’ ठरले. त्यांच्याकडेही बहुस्वरी गाणी आहेत. म्हणजे कागदावर दोन जमाती, आणि गायनाचा पट्टा एकच. ‘छियांग गाणं’ म्हणताना ही सीमा सरकारी आहे, हे विसरून चालत नाही.

12 मे 2008 ला दुपारी 2 वाजून 28 मिनिटांनी भूकंप झाला. केंद्र वेनछुआन, म्हणजे छियांग मुलखातच. सुमारे 69 हजार माणसं गेली, आणखी जवळजवळ 18 हजार बेपत्ता. बेइछुआनचं जुनं गाव तर पुन्हा त्या जागी वसवलंच नाही. एवढ्या छोट्या समाजात म्हातारी माणसं अशी एकदम गेली, की त्यांच्यासोबत गाणी आणि मंत्र दोन्ही जातात. त्याच वर्षी जूनमध्ये सोंगपानच्या छियांग बहुस्वरी गीतांचा चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारसा यादीत समावेश झाला. 2009 मध्ये छियांग नववर्षाचा सण युनेस्कोच्या तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत गेला, आणि 2024 मध्ये तिथून काढून प्रातिनिधिक यादीत ठेवला गेला.

सणासाठी ही बातमी चांगलीच आहे. गाण्याची गरज मात्र वेगळी आहे. सण रंगमंचावर उभा करता येतो, पाहुण्यांना दाखवता येतो. दोन आवाजांची ती थरथर जुळायला दोघांनी बरीच वर्षं एकाच गावात, एकाच भाषेत राहावं लागतं. तरुण पोरं चेंगदूकडे कामाला आणि शिकायला जातात, घरातही चिनी भाषा बोलली जाते. सोंगपानच्या गावांत आज गाणारे आहेत, पण शिकणाऱ्याला स्वतःच्याच वयाचा जोडीदार गावात सापडणं कठीण होत चाललं आहे.