हवेतले कण, ढग अन् हवामान

हवेत तरंगणारे बारीक घन किंवा द्रव कण म्हणजे एरोसोल, त्यात धूळ, धूर, समुद्राचं मीठ, कोळशातल्या गंधकापासून बनणारे सल्फेट असं सगळंच येतं. विदर्भात ते पाहायला लांब जावं लागत नाही, वावर मोकळं करायला पऱ्हाट्या पेटवल्या की संध्याकाळी धूर वर न जाता शिवारात आडवा पसरून राहतो, मोहफुलाच्या दिवसात गडचिरोलीकडे जंगलातला पालापाचोळा जळतो, अन् कोराडी, चंद्रपूरची औष्णिक वीज केंद्रं तर बारा महिने चालू.

पण हे कण नसते तर ढगही नसते. वाफेला थेंब व्हायला बसायला काहीतरी लागतं. घरी करून पहा: बरणीत थोडं गरम पाणी, तोंडावर बर्फाची ताटली, आत फारसं काही दिसत नाही, मग अगरबत्तीचा धूर आत सोडून ताटली परत ठेवा, आत पांढरा ढग फिरायला लागतो.

आता कण जास्त झाले की तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं, थेंब बारीक राहतात, ढग जास्त पांढरा होतो अन् जास्त ऊन परत पाठवतो. हे शॉन ट्वोमी या ढगांच्या अभ्यासकाने १९७० च्या दशकात मांडलं. पावसाच्या एका थेंबासाठी ढगातले साधारण दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात, म्हणून बारीक थेंबांचा ढग बरसायला वेळ लावू शकतो, पण उंच वाढणाऱ्या ढगात उलटंही होऊ शकतं, त्यामुळे धुरानेच पाऊस पळवला असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. पुण्याच्या आयआयटीएम म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून विमानं ढगात नेऊन हेच मोजलं.

काजळीचं वेगळंच, ती ऊन शोषून हवा तापवते. ढगही दोन्हीकडून खेळतात, खालचे जाड ढग दिवसा ऊन अडवतात, पण पौषात रात्री आभाळ आलं की थंडी कशी पळते ते हरभऱ्याची जागल करणाऱ्याला विचारा.

संगणकावर हवामानाचं गणित मांडणाऱ्या मॉडेलचं खरं दुखणं इथेच आहे. जगाच्या मॉडेलमध्ये पृथ्वी चौकटींत वाटलेली असते, अन् एक चौकट बहुतेकदा १०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नागपूर अन् वर्धा एकाच चौकटीत, अन् इथे तर नाल्याच्या अलीकडे पाऊस नि पलीकडे कोरडं असतं! म्हणून ढग अंदाजाच्या सूत्रांनी बसवावे लागतात. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या २०२१ च्या अहवालात कार्बन डायऑक्साइडची तापवण्याची ताकद दर चौरस मीटरला सुमारे २.२ वॅट धरली आहे, कणांची थंड करण्याची सुमारे १.१, पण ती ०.४ ते १.७ मध्ये कुठेही असू शकते.

धूर मृगाच्या सरींनी धुऊन जातो, कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षं राहतो, त्यामुळे धूर कमी केला की झाकलेली उष्णता उघडी पडते. तरी तो कमी व्हायलाच पाहिजे, चुलीजवळ बसणाऱ्या बाईच्या छातीत तोच जातो. २०२० मध्ये जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आणली, तेव्हापासून समुद्रावर जहाजांमागे उमटणाऱ्या ढगांच्या पांढऱ्या रेघा कमी झाल्या, अन् त्यामुळे तापमानात किती भर पडली याचा हिशेब शास्त्रज्ञ अजून करताहेत.