सरासरीच्या आड लपणारी गर्दी

गणपतीत चाकरमानी गावी उतरले की रत्नागिरी-सिंधुदुर्गात इंटरनेट पुरवणाऱ्या केबलवाल्यांचे फोन खणखणू लागतात: व्हिडिओ अडकतोय. केबलवाला पडद्याकडे बघतो, तर आलेखावर येणाऱ्या डेटाचा हिरवा डोंगर, जाणाऱ्याची निळी रेघ आणि लिंक, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारी लाइन, जेमतेम साठ टक्के भरलेली. गिऱ्हाईक आणि आलेख, दोघंही खरंच सांगत असतात. आलेख पाच मिनिटांची सरासरी काढतो. मधल्या काही मिलिसेकंदांत राउटरचा बफर (डेटा थोडा वेळ थांबवायची जागा) भरून पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, गळाली, तर ती त्यात दिसत नाहीत.

ही पाच मिनिटांची सवय जुनी आहे. टोबियस ओटिकर यांनी १९९५ मध्ये असे आलेख काढणारं एमआरटीजी हे सॉफ्टवेअर लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा त्यांच्यासमोर प्रश्न होता तो ६४ केबीपीएसच्या एका लाइनचा. पद्धत साधी: एसएनएमपीने (यंत्रांकडून आकडे मागवायच्या ठरलेल्या पद्धतीने) राउटरला बाइट्सचा काउंटर विचारायचा, त्यातून मागचा आकडा वजा करायचा. पण हा काउंटर ३२ बिटांचा. १० एमबीपीएसवर तो भरून पुन्हा शून्यावर यायला ५७ मिनिटं लागतात. १ जीबीपीएसवर फक्त ३४ सेकंद. पाच मिनिटांत आठेक फेऱ्या झाल्यावर वजाबाकीला काय अर्थ उरतो? म्हणून ६४ बिटांचे काउंटर आले.

बाइट मोजले, तरी ते कोणाचे हे कळत नाही. त्यासाठी पॅकेट उघडून बघायला हवं. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतलं टीसीपीडम्प हे साधन १९८८ पासून हेच करत होतं, आणि त्या काळच्या वेगाला ते झेपतही होतं. पण १० जीबीपीएसची लिंक सर्वांत लहान पॅकेटांनी भरली, तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख पॅकेट येतात. एकेकाच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद! सिस्कोने १९९६ मध्ये नेटफ्लो आणलं: पॅकेट सोडा, कुठून कुठे किती गेलं एवढीच नोंद ठेवा. तीही जड होऊ लागली, तेव्हा हजारातलं एखादंच पॅकेट उचलायची रीत पडली. २००१ च्या एसफ्लो या मोजणीच्या पद्धतीचा तर पायाच तो. शितावरून भाताची परीक्षा. मोठा हल्ला किंवा एखाद्या साइटवरची झुंबड यात नक्की सापडते; खालच्या वाडीतल्या एका फोनची तक्रार बहुधा नाही.

हल्ली मोठ्या कंपन्यांचे राउटर स्वतःहून दर काही सेकंदांनी आकडे पाठवतात. छोट्या केबलवाल्याला मात्र तसा राउटर आणि ते आकडे साठवणारा सर्व्हर परवडायला हवा. महामार्गाच्या कामात जेसीबीने फायबर तोडली, तर ते कळायला त्याला जुना आलेखही पुरतो. गणपतीतल्या गर्दीला नाही पुरत.