'होस्ट इज डाउन' : एका त्रुटीमागची तीस वर्षं

२०१८ चा मे महिना. एका छोट्या छपाई कार्यालयातले सहा लिनक्स संगणक मी उबुंटू या लिनक्सच्या १८.०४ या आवृत्तीवर नेले. रात्री सगळं नीट दिसलं म्हणून घरी गेलो. सकाळी दहाच्या आत फोन आला, "दादा, सर्व्हरचं फोल्डर उघडत नाहीये, आणि आज दोन पत्रिका छापायला द्यायच्यात." सर्व्हर म्हणजे कपाटावर ठेवलेला जुना नॅस, नेटवर्कवर फायली ठेवायची पेटी; त्यात दहा-बारा वर्षांच्या लग्नपत्रिका, निमंत्रणं, बिलबुकं. पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून नुसती हाक मारली, तर उत्तर येत होतं. ब्राउझरमध्ये नॅसचं पान उघडत होतं. कोपऱ्यातल्या जुन्या विंडोज मशीनवर फोल्डरही दिसत होतं. फक्त लिनक्सवर ते माउंट करायला, म्हणजे जोडून घ्यायला गेलं की एकच ओळ यायची : माउंट एरर ११२, होस्ट इज डाउन, म्हणजे समोरचा संगणक बंद आहे.

होस्ट तर चालू होता. केबल बदलली, स्विच बंद-चालू केला, पासवर्ड पुन्हा टाकला. दोन तास गेल्यावर डीमेसेज या आज्ञेने कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा खरं कारण तिथे सरळ लिहिलेलं सापडलं : माउंट करताना सर्व्हरशी बोलायच्या भाषेची आवृत्ती सांगितलेली नाही, डीफॉल्ट आता जास्त सुरक्षित आवृत्तीवर नेलं आहे, जुना सर्व्हर असेल तर 'व्हर्स=१.०' असं स्पष्ट लिहा. एफएसटॅब या माउंटच्या यादीच्या फाइलीतल्या ओळीत तेवढं घातलं आणि फोल्डर उघडलं. पत्रिका वेळेवर गेल्या. पण कालपर्यंत चालणारी गोष्ट एका रात्रीत बंद का पडली, या प्रश्नाचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

एका संगणकावरचं फोल्डर दुसऱ्यावर आपलंच असल्यासारखं वापरायचं, यासाठी १९८० च्या दशकात दोन वेगळ्या वाटा निघाल्या. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस आणलं. त्याची रीत १९८९ मध्ये आरएफसी १०९४ म्हणून सगळ्यांना वाचता येईल अशी प्रसिद्ध झाली. दुसरी वाट आयबीएममधून निघाली. तिथे बॅरी फायगेनबाम यांनी एसएमबी या भाषेची मांडणी केली, मायक्रोसॉफ्टने ती लॅन मॅनेजर या आपल्या नेटवर्क प्रणालीत घेतली, पुढे विंडोजबरोबर ती घराघरांत आणि कार्यालयांत पोचली. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिला सीआयएफएस असं नाव दिलं. वापर प्रचंड, पण बाहेरच्या माणसाने त्यावरून आपला प्रोग्राम लिहावा इतकी पुरी आणि भरवशाची कागदपत्रं नव्हती.

म्हणून लिनक्सवाल्यांना ही भाषा कान देऊन शिकावी लागली. १९९१ च्या अखेरीस कॅनबेरामध्ये पीएचडी करणारे अँड्र्यू ट्रिजेल यांना आपल्या डॉसच्या पीसीवरून युनिक्स मशीनवरच्या फायली हव्या होत्या. पीसीवर डेक कंपनीचं पाथवर्क्स होतं, हीच भाषा बोलणारं. तारेवरून जाणारी पाकिटं पकडायची, कोणत्या विचारणेला कोणतं उत्तर येतं ते पाहायचं, तसंच उत्तर आपल्या प्रोग्रामने द्यायचं, असं करत त्यांनी सर्व्हर उभा केला आणि १९९२ च्या जानेवारीत सगळ्यांना देऊन टाकला. त्याचंच पुढे साम्बा झालं. एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने असलेला शब्द त्यांनी संगणकातल्या शब्दयादीतून शोधून काढला होता. अधिकृत कागदपत्रं रास्त अटींवर हाती यायला २००७ चा डिसेंबर उजाडला. युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टविरुद्धचा खटला जिंकला, त्यानंतरच्या करारानुसार दहा हजार युरो एकदा भरून साम्बाच्या लोकांना ती मिळाली. मधली पंधरा वर्षं माणसांनी जे ऐकून ऐकून लिहिलं, त्याच्यावर जगभरची कार्यालयं चालत होती. ही मेहनत मला आजही थक्क करते.

साम्बा म्हणजे देणाऱ्याची बाजू. घेणाऱ्याची बाजू वेगळी. एफटीपीसारखा प्रोग्राम उघडून एकेक फाइल ओढून आणणं सोपं. पण माउंट करणं म्हणजे ते फोल्डर आपल्या फोल्डरांच्या झाडाला कलम करणं. मग कुठलाही प्रोग्राम ते दूरचं आहे हे न कळता ते वापरतो. हे काम कर्नलच्या आतच व्हावं लागतं. आधी त्यासाठी एसएमबीएफएस होतं. त्याच्यासोबतचा एसएमबीमाउंट हा प्रोग्राम जोडणी करून द्यायचा आणि ती तुटली तर परत जोडायला मागे जागा राहायचा. विंडोज सर्व्हर २००३ ने डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे कार्यालयातल्या सगळ्यांची ओळख तपासणाऱ्या सर्व्हरवर, प्रत्येक संदेशावर सही मागायला सुरुवात केली आणि एसएमबीएफएसला ती देता येईना. तोवर आयबीएममध्ये काम करणाऱ्या स्टीव्ह फ्रेंच यांनी सगळं नव्याने लिहिलं होतं. २००२ मध्ये ते सीआयएफएस या नावाने कर्नलमध्ये शिरलं. जुनं एसएमबीएफएस २०११ च्या सुमारास काढून टाकलं गेलं.

नव्या रचनेत कर्नलबाहेरचा मदतनीस लहान झाला. त्याचं नाव माउंट डॉट सीआयएफएस. त्याचं काम समजलं की पुढच्या सगळ्या भानगडी समजतात. कर्नल स्वतः नावावरून पत्ता शोधत नाही. तुम्ही 'नॅस' म्हणालात तर त्याचा आयपी पत्ता बाहेरच कुणीतरी काढायचा आणि 'आयपी=' असं लिहून आत द्यायचा. पासवर्डही कर्नल विचारत नाही. हे सगळं मदतनीस करतो. शिवाय माउंट करायचा हक्क रूटचा, म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याचा. साध्या वापरकर्त्याला स्वतःचं फोल्डर जोडायचं असेल तर मदतनिसाला सेटयूआयडी करावं लागतं, म्हणजे चालवला कुणीही तरी तो रूटच्या हक्काने चालतो. लहानसा, सहसा कुणी न वाचलेला प्रोग्राम, आणि हातात सगळ्या घराच्या किल्ल्या.

हे सांभाळणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. २००९-१० च्या सुमारास या प्रोग्राममध्ये अशा तऱ्हेच्या त्रुटी एकामागून एक सापडल्या. एकीतून दुसऱ्याची पासवर्डची फाइल वाचता येत होती, दुसरीत नेमक्या क्षणी दुवा बदलून भलत्या जागी माउंट करता येत होतं. तेव्हा साम्बाच्या लोकांनी एक धाडसाची गोष्ट केली. सेटयूआयडी करून चालवलं तर प्रोग्राम थांबायचा आणि सांगायचा की सुरक्षेच्या दृष्टीने हा नीट तपासलेला नाही, असा बसवू नका. आपल्याच कामाबद्दल इतकं स्वच्छ लिहिणं मला फार मोलाचं वाटतं. २०१० मध्ये ही साधनं साम्बापासून वेगळी होऊन सीआयएफएस-युटिल्स या नावाने आली. जेफ लेटन यांनी ती सांभाळायला घेतली आणि मदतनीस उसवून पुन्हा शिवला. पर्याय वाचणं, नाव शोधणं ही कामं आता वेगळी प्रक्रिया हक्क उतरवून करते, आणि शेवटचं माउंट तेवढं रूटच्या हक्काने होतं. पुढे ही जबाबदारी पावेल शिलोव्स्की यांच्याकडे गेली. कर्नलमध्ये एसएमबी २ आणण्याचं कामही त्यांचंच, २०१२ च्या अखेरीचं.

माउंट करताना द्यायच्या याच पर्यायांत आपल्या लोकांच्या कामाचा एक आहे, 'आयओचारसेट=यूटीएफ८'. तारेवरून फायलींची नावं युनिकोडमध्येच येतात. कर्नलला ती इथल्या लिपीसंचात उतरवावी लागतात. तो संच लॅटिनचा असला तर देवनागरी अक्षराला जागाच नाही. छपाई कार्यालयात हे मी आधीच पाहिलं होतं : 'शिंदे-पाटील पत्रिका अंतिम' ही फाइल नुसत्या प्रश्नचिन्हांची रांग होऊन दिसायची, आणि पोरं तारखेवरून कोणती पत्रिका कुणाची हे ओळखायची.

आता २०१७. त्या वर्षीच्या १२ मे रोजी वॉनाक्राय हे फायली अडवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर जगभर पसरलं. मार्चमध्येच मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली होती, पण ती न बसवलेली असंख्य यंत्रं होती, आणि वाट होती एसएमबीची पहिली, जुनाट आवृत्ती. लिनक्सचं कर्नल त्या भोकाने बाधित होत नव्हतं, तरी माउंट करताना त्याचं डीफॉल्ट मात्र तीच पहिली आवृत्ती होती. सप्टेंबरच्या कर्नल ४.१३ मध्ये ते बदलून एसएमबी ३ केलं गेलं. लगेच पुढे सर्व्हरशी बोलून २.१ किंवा त्यावरची आवृत्ती ठरवण्याची सोय आली. फक्त पहिलीच बोली येणारे जुने नॅस मात्र मागे राहिले. नवी बोली ऐकून ते जोडणी सोडून द्यायचे. कर्नल मदतनिसाला ११२ हा क्रमांक द्यायचं आणि मदतनीस त्या क्रमांकाचं ठरलेलं वाक्य छापायचा. माझे दोन तास त्या वाक्याने खाल्ले. निर्णय मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. वाक्य पटलं नव्हतं. बदलाची किंमतही होती. पहिल्या आवृत्तीवर युनिक्सच्या परवानग्या आणि दुवे जसेच्या तसे दिसण्यासाठी खास जोड होती, तिच्या तोडीचं काही नव्या आवृत्तीत यायला वर्षं गेली.

मदतनिसाच्या दुरुस्त्या तिथेच संपल्या नाहीत. २०२० मध्ये आढळलं की पासवर्ड विचारायला तो दुसरा प्रोग्राम शेलमधून, म्हणजे लिहिलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममधून चालवतो, आणि वापरकर्त्याच्या नावात शेलची चिन्हं घुसवली तर ती आज्ञा म्हणून चालतात. २०२२ ची त्रुटी तर मी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवतो. 'आयपी='पुढचा मजकूर ठरलेल्या लांबीत बसतो का, याची तपासणी कोडमध्ये होती. पण लांबी मोजणारं फंक्शन मर्यादेपाशी येऊन थांबणारं, आणि प्रश्न विचारलेला 'मर्यादेइतकी किंवा कमी आहे का?' उत्तर नेहमीच 'हो'. मजकूर कितीही लांब असो, पुढच्या ओळीत तो लहान जागेत उतरवला जायचा आणि शेजारची मेमरी तुडवायचा. सेटयूआयडी असेल तर साधा वापरकर्ता रूट होऊ शकला असता. सीआयएफएस-युटिल्सच्या ६.१५ या आवृत्तीत ते बुजवलं. पहारेकरी दारावर उभा होता, फक्त तो कुणालाच अडवत नव्हता.

ही कामं करणारी माणसं मोजकी असतात, हे या क्षेत्रात सगळीकडे आहे. एसएसएचएफएस घ्या. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षित शिरायच्या वाटेने, जिथे पोचता येतं तिथलं फोल्डर माउंट करून देणारं हे साधन प्रत्येक मोठ्या लिनक्समध्ये मिळतं. ते फ्यूजवर चालतं, म्हणजे माउंटचं काम कर्नलबाहेरच्या प्रोग्रामला करू देणाऱ्या सोयीवर, जी मिक्लॉश सेरेडी यांच्या कामातून २००५ मध्ये कर्नलमध्ये आली. पुढे बरीच वर्षं निकोलाउस राथ यांनी एसएसएचएफएस सांभाळलं आणि २०२२ मध्ये थांबले. माहितीपत्रात त्यांनी तसं लिहून ठेवलं, की याच्यावर नियमित काम करणारं आता कुणी नाही. रोज वापरणाऱ्या कित्येकांना ते तेव्हा कळलंही नसेल.

२०२३ मध्ये कर्नलमधलं सीआयएफएस नावाचं फोल्डर एसएमबी नावाखाली हलवलं गेलं, कारण सीआयएफएस म्हणजे तीच टाकून द्यायची पहिली आवृत्ती. एफएसटॅबमध्ये आपण मात्र अजून सीआयएफएसच लिहितो. छपाई कार्यालयातला नॅस मधल्या काळात बदलला, 'व्हर्स=१.०' मी त्या ओळीतून काढून टाकलं. आणि माउंट फसलं की आता मदतनीस त्रुटीच्या खाली आणखी थोडं छापतो : माहितीपान पाहा, आणि कर्नलच्या नोंदीही, डीमेसेजने.